इतर खर्च

सभा कारखान्यात घ्यायची, हा वहिनीचा निर्णय. घरात बसलं की प्रत्येकाची आपापली खुर्ची असते, आपापला कोपरा असतो आणि आपापलं जुनं भांडण असतं. मागच्या खेपेला जिन्याच्या कंत्राटावरून सगळे घरात बसले होते, तेव्हा दोन कप फुटले होते आणि आईने आठवडाभर अबोला धरला होता. कारखान्यात तो धोका नव्हता. सुट्टीच्या दिवशी करवत बंद, कामगार नाहीत आणि बसायला ज्या खुर्च्या होत्या त्या सगळ्या गिऱ्हाइकांच्या. त्या आपटायच्या नाहीत एवढी समज सुतारांच्या घरात सगळ्यांना असते.

बाबा मात्र बसलेच नव्हते. शिकंज्यात खुर्चीचा पाय आवळून ते त्यावर पॉलिश पेपर फिरवत होते. हात रिकामे असले की डोकं चालत नाही, असं ते म्हणत. गेल्या वर्षी छातीत स्टेंट बसवल्यापासून डॉक्टरांनी जड उचलायला बंदी केली होती, म्हणून ते आता हलकं काम दिवसभर करत.

धाकटीने पांढऱ्या लॅमिनेटचा एक अख्खा तक्ता भिंतीला टेकवून उभा केला होता आणि समोरच्या रंधा मारायच्या बाकावर लॅपटॉप आणि प्रोजेक्टर ठेवला होता. प्रोजेक्टर तिच्या प्रयोगशाळेतून मागून आणलेला. शहराच्या पिण्याच्या पाण्यात काय काय आणि किती किती आहे ते मोजणं हे तिचं काम होतं, आणि तशाच एका परदेशातल्या प्रयोगशाळेने तिला नोकरी देऊ केली होती. उत्तर आज संध्याकाळपर्यंत द्यायचं होतं. एका माणसाने दुसऱ्या देशात राहायला जावं की नाही हे ठरवायला आठ स्लाइड लागतात, असं तिला मनापासून वाटलं होतं. त्यातल्या पहिलीचं शीर्षक 'गृहीतके' असं होतं.

"हे कुठल्या गिऱ्हाइकाचं आहे?" दादाने तक्त्याकडे बघत विचारलं.

"कोपऱ्यावरच्या दवाखान्याचं. खिळा मारणार नाहीये मी त्याला. नुसता प्रकाश पाडतेय."

"प्रकाश पाडा, दशांशबाई," दादा म्हणाला आणि मांडी घालून लाकडाच्या थप्पीवर बसला.

हे नाव त्यानेच ठेवलेलं. लहानपणी तिला किती भूक लागलीय असं विचारलं तर ती अपूर्णांकात उत्तर द्यायची. पुढे विज्ञान शाखेची पदवी घेतली तेव्हा घरात कोणाला आश्चर्य वाटलं नाही, फक्त आईला थोडी काळजी वाटली.

"पगार मी शंभर धरला आहे," धाकटीने सुरुवात केली.

"शंभर?" आई दचकली. "शंभर पगारासाठी विमानात बसायचं?"

"शंभर म्हणजे खरे शंभर नाहीत गं. तुलनेला सोपं जावं म्हणून. मिळतील ते सगळे मिळून शंभर. मग खर्च त्यातला किती, ते बघायचं."

"मग सरळ मिळतील तेवढे सांग ना."

"सांगितले असते, पण मग तुम्ही इथल्या पैशात किती होतात ते विचारलं असतं, मग मी सांगितलं असतं, मग तुम्ही सगळ्यांनी एकदम 'बापरे' म्हटलं असतं आणि सभा तिथेच संपली असती."

नोकरीची बातमी आली त्या दिवशी नेमकं तसंच झालं होतं.

तिने पुढची स्लाइड लावली. भाडं पंचेचाळीस. खाणंपिणं वीस. बस आणि रेल्वे दहा. वीज आणि हीटर बारा. दात आणि डोळे दोन, कारण तिथे दाताच्या डॉक्टरकडे जाणं म्हणजे दागिना घडवायला टाकणं असं तिने वाचलं होतं. घरी यायचं तिकीट आठ. इतर पंधरा.

"एकूण?" दादाने विचारलं.

"एकशे बारा."

"शंभरात?"

"शंभरात."

पॉलिश पेपरचा आवाज थांबला. आणि मग, धाकटीने ज्याची अजिबात अपेक्षा केली नव्हती असा उदारपणाचा पूर आला.

"हात्तिच्या! बारासाठी अडून बसायचं?" दादा उभाच राहिला. "बारा मी पाठवीन. महिन्याच्या महिन्याला. भाऊ कशासाठी असतो?"

वहिनीने नवऱ्याकडे पाहिलं. करवतीचं नवं पातं घ्यायचं म्हटलं की या माणसाला तीन रात्री झोप लागत नव्हती, हे कारखान्याचे हिशेब बघणारी म्हणून तिला नीट ठाऊक होतं.

"तो काय पाठवणार? मी आहे की," बाबा म्हणाले. "पोरीने पैशासाठी संधी सोडायची नाही. पैसा काय, येतो-जातो."

"मी आधीच सांगितलं होतं," आईने हाताची घडी घातली. तिचा पहिल्यापासून विरोध. विमानतळावर सोडायला येणार नाही, असं तिने जाहीर करून टाकलं होतं. "परवडणार नाही म्हणून सांगितलं होतं. पण माझं कोण ऐकतंय?"

धाकटीने चेहरा शक्य तितका पाडला. "नाही. तुमच्या जिवावर मी जाणार नाही. तत्त्वाचा प्रश्न आहे. मला खूप जायचं होतं, पण आकडेच नाही म्हणतात, तर..."

तिने खांदे उडवले. खांदे खाली आले तेव्हा तिला जाणवलं की आपल्याला फार बरं वाटतंय. परीक्षा पुढे ढकलल्याची सूचना फळ्यावर लागली की वाटतं तसं. इतकं बरं वाटणं संशयास्पद आहे, असा एक विचार मनात येऊन गेला, पण त्यासाठी स्लाइड नव्हती, म्हणून तिने तो सोडून दिला.

"आत्यांच्या डोळ्यांखालून एकदा घालू या का?" वहिनीने विचारलं. "त्या तिथे राहतात. बाकी आपण सगळे इथे बसून बोलतोय."

हे इतकं सरळ होतं की कोणालाच नाही म्हणता आलं नाही.

आत्या म्हणजे बाबांची धाकटी बहीण. लग्न करून त्या देशात गेली, नवऱ्याशी पटलं नाही म्हणून वेगळी झाली, पण देशाशी पटलं म्हणून राहिली. तिथे तिचं केस कापायचं दुकान होतं. फोनच्या पडद्यावर ती उगवली तेव्हा तिच्या हातात कात्री होती आणि पुढ्यात एक ओल्या डोक्याची बाई बसली होती. त्या बाईला आपल्या भाषेतला एक शब्द कळत नव्हता, पण समोर कुटुंब दिसल्यावर तिने हात हलवला. आईनेही हलवला.

"बोल गं," आत्या म्हणाली. "ठरलं का?"

धाकटीने शंभराची भानगड समजावली, फोनचा कॅमेरा तक्त्याकडे वळवला. आत्याने डोळे बारीक केले.

"पंचेचाळीस भाडं? कुठे राहणार आहेस, राजवाड्यात?"

"तुझ्याच गल्लीत, आत्या. तुझ्याच आकड्यावरून काढलंय."

"माझा आकडा तुझ्या या शंभरात बसवला तर सदतीसच्या आसपास येईल."

"हो, तुझा सदतीसच होता. पण बाबा म्हणाले चाळीस. दादा म्हणाला बेचाळीस. मग मी..." बोलता बोलता धाकटीचा आवाज आपोआप बारीक झाला. "मी तीन स्रोत घेतले होते. तिन्ही जवळजवळ जुळत होते, म्हणून मला वाटलं, बरोबर असणार. सुरक्षित बाजूने सगळ्यात मोठा घेतला. आणि अनिश्चितता म्हणून वर तीन."

"तीन स्रोत," आत्या म्हणाली. "भाऊ, तू कधी आला होतास रे इथे?"

बाबांनी खुर्चीचा पाय निरखून पाहायला सुरुवात केली. "तूच तर सांगितलंस फोनवर."

"आणि तू रे?" हे दादाला.

"मला बाबांनी सांगितलं."

"म्हणजे मी भाऊला सांगितलं, भाऊने पोराला सांगितलं, आणि पोरीने आम्हा तिघांची साक्ष काढली. शाब्बास. कॉलेजात हेच शिकवतात का?"

ओल्या डोक्याची बाई हसली. बहुधा सूर कळला असावा. धाकटीचे कान तापले. एकाच नळाचं पाणी तीन बाटल्यांत भरून 'तीन ठिकाणचे नमुने' अशी चिठ्ठी लावणाऱ्या एका नव्या मुलाला तिने गेल्याच महिन्यात प्रयोगशाळेत चांगलं फैलावर घेतलं होतं. शिवाय तिला आणखी एक गोष्ट आठवली, जी ती सभेत सांगणार नव्हती. इंटरनेटवरच्या चार जागांनी भाडं याहून बरंच कमी दाखवलं होतं. ते चारही आकडे तिने 'वाट चुकलेले' म्हणून काढून टाकले होते, कारण घरचे तीन एकमेकांशी जुळत होते.

"पण तुम्ही दोघांनी वाढवलं कशाला?" वहिनीने विचारलं.

"वाढवलं कुठे?" बाबा म्हणाले. "जरा बोटभर ठेवलं."

"मी पण बोटभरच," दादा म्हणाला.

"खरं सांगायचं तर सदतीस हेसुद्धा बोटभर धरूनच," आत्या कात्री चालवता चालवता म्हणाली. "मी चौतीस देते. पण पोर येऊन अडकायला नको, म्हणून जरा वर सांगितलं."

बोटभर हा या घराण्याचा आजार होता. आजोबांनी कारखाना काढला तेव्हापासूनचा. कापताना खुणेच्या बोटभर पुढे कापायचं, जास्तीचं रंध्याने काढता येतं, कमी पडलेलं जोडता येत नाही, असं ते प्रत्येक शिकाऊ पोराला सांगत. सांगणं लाकडाबद्दल होतं, पण घरात ते सगळ्याच गोष्टींना लागू झालं. माल उद्या मिळेल असं असलं तर दादा परवा सांगे. चारजण जेवायला असले तर आई सहाजणांचं रांधे. घरातली घड्याळं प्रत्येकाने आपापल्या बोटभर पुढे केलेली होती, त्यामुळे सगळे वेळेवर पोहोचत, पण वाजले किती ते कोणालाच माहीत नसे. लाकडावर शेवटी रंधा मारणारा कोणीतरी एक असतो. आकड्यावर कोणीच मारला नव्हता. उलट शेवटच्या माणसाने, जिला मोजण्याचाच पगार मिळत होता, तिने सगळ्यात जाड बोट ठेवलं होतं.

"बाकीचं वाच," आत्या म्हणाली.

पुढचा अर्धा तास धाकटी एकेक आकडा वाचत गेली आणि आत्या तो छाटत गेली. खाणंपिणं पंधरा, तेही घरी शिजवायचा आळस केलास तर. बस-रेल्वे सात, पास काढायचा. हीटर नऊ, घरात स्वेटर घालायचा, अंगात सदरा घालून बसायला तू काही राणी नाहीस. दाताचं आणि तिकिटाचं बरोबर होतं. हे दोन आकडे तेवढे घराबाहेरून आले होते.

"बरं, ठेवते. माझं गिऱ्हाईक वाळतंय," आत्या म्हणाली आणि पडदा काळा झाला.

धाकटीने बेरीज मारली. नव्वद.

"म्हणजे?" आईने विचारलं.

"म्हणजे दर महिन्याला दहा उरतात."

आता खरं तर आनंदीआनंद व्हायला हवा होता. मघाशी बारा कमी पडत होते तेव्हा खिसे उलटे करायला निघालेली माणसं, दहा उरतात म्हटल्यावर खाली पडलेला भुसा निरखू लागली.

"थंडी फार असते म्हणे तिथे," दादा म्हणाला.

"ती हीटरमध्ये धरली आहे."

"नाही, म्हणजे अंगाला सोसवेल का? तुला लहानपणी किती सर्दी व्हायची."

"आणि एकटी राहणार," बाबा म्हणाले. पॉलिश पेपर आता भलताच जोरात चालत होता. "आत्या आहे, पण ती दिवसभर दुकानात. आणि समजा त्यांनी नोकरीवरून काढून टाकलं तर? परक्याला आधी काढतात."

"मघाशी तुम्हीच म्हणालात की संधी सोडायची नाही."

"संधी सोडायची नाहीच. पण सगळ्या बाजूंनी विचार करायला नको?"

दादाला स्वतःचा राग आला. मघाशी त्याने बारा देऊ केले ते खोटं नव्हतं, निदान बोलताना तरी नव्हतं. पण बहीण जाणार नाही हे पक्कं असताना तिला जा म्हणणं किती सोपं होतं, हे त्याला आत्ता कळत होतं, आणि बायको आपल्याकडे बघतेय हेही.

धाकटीचा स्वतःचा कारभार यापेक्षा वेगळा नव्हता. तिचा हात माऊसवर गेला होता. "एक मिनिट," ती म्हणाली. "इतर मी पंधरा धरलंय, ते कदाचित कमी आहे. सुरुवातीचं वर्ष आहे, म्हणजे बावीस धरायला हरकत नाही. किंवा पंचवीस. पंचवीस धरलं तर पुन्हा..."

"हात काढ त्याच्यावरून," आई म्हणाली.

धाकटीने हात काढला. आई खुर्चीतून उठली, गिऱ्हाइकाची खुर्ची म्हणून सावकाश, आणि तक्त्यासमोर जाऊन उभी राहिली. तिच्या पदरावर भाड्याचा आकडा उमटला.

"परवडत नाही म्हणून थांबणार होतीस?"

"मग काय? हिशेब..."

"मी म्हणत होते, जाऊ नकोस. अजून म्हणते. पण मला वाटत होतं, तू माझ्यासाठी राहशील, नाहीतर भांडून जाशील. आमच्याजवळ राहणं स्वस्त पडतं म्हणून माझी पोर राहणार असेल, तर ते मला नकोय. आत्ताच सांगून ठेवते."

आई विरोधी पक्षातून उठून कुठे जाऊन बसली, ते कोणालाच नीट कळलं नव्हतं.

"आणि हे इतर म्हणजे काय आहे?" तिने मागे वळून बोट ठेवलं. "विजेपेक्षा मोठं, बसपेक्षा मोठं. एवढं इतर काय असतं माणसाला?"

"असतं गं. किरकोळ. छत्री. बूट. चष्मा फुटला तर."

"बूट रोज फुटणार आहेत?"

"मोबाइल पडला तर. किल्ली हरवली तर तिथे कुलूपवाला फार घेतो."

"पुढे."

"आणि..." धाकटीने प्रोजेक्टरच्या भिंगावर बसलेला भुसा बोटाने पुसला. तक्त्यावर तिच्या बोटाची ढोबळ सावली पसरली. "आणि अचानक यावं लागलं तर. ऐन वेळी तिकीट तिप्पट पडतं. ते मी दर महिन्याला थोडं थोडं बाजूला टाकायचं धरलंय."

"अचानक कशाला यायचंय तुला?"

दादा थप्पीतल्या फळीची गाठ खरवडू लागला. वहिनी डिंकाच्या डब्यावरची सूचना वाचू लागली. धाकटी पडद्याकडे बघत राहिली.

"माझ्याकडे न बघायची एवढी मेहनत कशाला घेताय सगळे?" बाबा म्हणाले.

मग सगळ्यांना बघावंच लागलं.

"म्हणजे मी इतरमध्ये आहे?" बाबांनी पॉलिश पेपर खाली ठेवला. "छत्री, बूट, कुलूपवाला आणि बाप?"

"बाबा, तसं नाही."

"निदान स्वतंत्र रकाना तरी द्यायचास. आणि किती, पंधरा? बसपेक्षा जास्त आणि खाण्याइतका? त्यातून छत्री वजा जाता?"

आधी वहिनीला हसू फुटलं. तिने पदर तोंडाला लावला, पण उशीर झाला होता. मग दादा. धाकटी हसायला लागली आणि मध्येच कधीतरी ते हसणं राहिलं नाही. आईने तिच्या हातातून माऊस काढून घेतला.

"रात्री फोन वाजला की मला वाटत राहणार," धाकटी नाक पुसत म्हणाली. "गेल्या वर्षी मी तासाभरात दवाखान्यात पोहोचले होते. तिथून दीड दिवस लागेल. हे कुठल्या रकान्यात बसवायचं, मला कळेना. म्हणून तिथे टाकलं."

बाबांना सांगायचं होतं की त्या दिवशी ती आली तेव्हा ते गुंगीत होते आणि त्यांना कोण आलं, कोण नाही, काही आठवत नाही. पण हे सांगून तिला बरं वाटेल की वाईट, ते त्यांना ठरवता येईना.

"आकडे बाजूला ठेव," आई म्हणाली. "तुला जायचंय का?"

"सत्तर टक्के..."

"धाकटे."

"हो," धाकटी म्हणाली. "जायचंय."

म्हटलं आणि तिला लाज वाटली. महिनाभर खपून केलेला तक्ता, आठ स्लाइड, त्रुटीची सीमा, आणि शेवटी उत्तर काय, तर जत्रेत पाळण्याकडे बघून लहान मूल देतं तेवढं.

"बघ," दादा म्हणाला. हसू गेलं होतं. "जा तू. मी अडवणार नाही. पण एक बोलतो, राग मानू नकोस. तू तिथे काळजी करणार. काळजी कुठूनही करता येते. पण यांचं औषध, यांची तपासणी, रात्रीअपरात्री धावपळ, ते सगळं माझ्यावर पडणार."

"तुमच्यावर?" वहिनी म्हणाली.

हा शब्द तिने मोठ्याने उच्चारला नाही. तरी दादाने लगेच थप्पीवरून पाय खाली सोडले.

"अहो, बाबांना दवाखान्यात कोण नेतं? गेल्या वर्षभरात तुम्ही एकदा आला होतात, आणि तेव्हा गाडी लावायला जागा शोधत बाहेरच राहिलात. गोळ्या संपल्या की आणतं कोण? तुमच्यावर म्हणे."

"बरं, आपल्यावर."

"आपल्यावर पण नाही. माझ्यावर." ती धाकटीकडे वळली. "आणि तुझ्या त्या तक्त्यात सगळं आहे. तिथला हीटर आहे, दात आहेत. तू गेल्यावर इथे कोणाला काय पडेल, ते कुठे आहे?"

धाकटीने तक्त्याकडे बघितलं. खरंच कुठे नव्हतं. महिनाभर जगण्याचा खर्च काढत होती आणि जगणारा माणूस तिने एकच धरला होता.

"वहिनी," ती म्हणाली, "तू काय म्हणतेस? मी जावं का?"

वहिनीला हे कोणी पहिल्यांदाच विचारत होतं. घरात गेला महिनाभर या विषयावर सगळ्यांचं मत विचारून झालं होतं. भाडेकरूलाही विचारलं होतं.

"जा," ती म्हणाली. "पण फुकट नाही. मी बोलते, ते नीट ऐक. बाबांच्या तपासणीची वेळ तू घ्यायची. दवाखान्याचा फोन अर्धा अर्धा तास गाणं वाजवत ठेवतो, ते गाणं तू ऐकायचं. गोळ्या संपायच्या आधी तिथून मागवायच्या. डॉक्टरांनी काय सांगितलं ते सगळ्यांना सांगत बसायचं काम तुझं. आणि बाबा ऐकत नाहीत तेव्हा त्यांच्याशी भांडायचं ते तू. मी सून आहे. मी भांडले की घरभर पसरतं. तू मुलगी आहेस, तुझं भांडण फोन ठेवला की संपतं. मी गाडी चालवीन. तेवढंच."

"मान्य," धाकटी म्हणाली.

"विचार करून सांग. दर आठवड्याला आहे हे."

"विचार केला. मान्य."

"मला कोणी विचारणार आहे का?" बाबा म्हणाले.

"नाही," आई आणि वहिनी एकदम म्हणाल्या, आणि एकमेकींकडे बघून दोघींनाही जरा नवल वाटलं.

धाकटीने फोन काढला आणि उत्तर लिहायला घेतलं. पहिल्या मसुद्यात तिने आभार मानले, स्वतःच्या अनुभवाचा आढावा घेतला, रुजू व्हायच्या तारखेबद्दल दोन शक्यता मांडल्या आणि प्रत्येकीचे फायदे-तोटे दिले. दादाने खांद्यावरून वाचलं.

"त्यांनी काय विचारलंय?"

"येणार का, म्हणून."

"मग?"

तिने सगळं पुसलं. येते, एवढंच लिहिलं, खाली नाव घातलं आणि पाठवून दिलं. दादाने तिच्या डोक्यावर टपली मारली, नेहमीपेक्षा थोडी जास्त जोरात, आणि प्रोजेक्टरची वायर गुंडाळायला घेतली.

बाबांनी शिकंजा सैल केला, खुर्चीचा पाय फिरवून आवळला आणि दुसरी बाजू घासायला सुरुवात केली. बारीक भुसा उडून उन्हाच्या पट्ट्यात तरंगू लागला. वहिनी नुसती धाकटीकडे बघत राहिली.

धाकटीला कळायला क्षणभर लागला.

"बाबा," ती म्हणाली, "डॉक्टरांनी धुळीत मास्क लावायला सांगितलाय."

"एवढी एकच बाजू राहिली."

"बाबा."

"अगं, अजून इथेच आहेस तू! तिथे गेल्यावर सुरू कर."

"मास्क लावा, नाहीतर तो कागद खाली ठेवा."

बाबांनी मदतीसाठी आईकडे पाहिलं. आई छताचे पत्रे मोजत होती. मुलाकडे पाहिलं, तर त्याने खिळ्याला लटकवलेला मास्क आधीच काढून मांडीवर झटकला होता आणि पुढे धरला होता. बाबांनी तो घेतला, दोऱ्या कानांमागे अडकवल्या आणि पुन्हा कामाला लागले. थोड्या वेळाने मास्कमधून काहीतरी पुटपुटले.

"काय म्हणालात?"

बाबांनी मास्क हनुवटीवर ओढला. "म्हटलं, तिथे रजा किती मिळते, ते विचारलंस का?"

भाडं, हीटर, दात, कुलूपवाला. एवढ्या सगळ्या हिशेबात ते कुठेच नव्हतं.

"नाही," ती म्हणाली.

"मग विचार."

तिने फोन पुन्हा उघडला.